पाच लाख घन किलोमीटर चुंबक, पाच नॅनोटेस्ला

मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर मागे पडलं की शेगावच्या अलीकडे नांदुरा लागतं. रस्त्याने जाणाऱ्याला गावाची खूण विचारावी लागत नाही. महामार्गावरचा १०५ फुटांचा मारुती लांबूनच दिसतो. ही मूर्ती अर्थातच चुंबकाची नाही. पण समजा, तेवढ्याच उंचीचा एक चुंबक नांदुऱ्यात आणून ठेवायचा कुणाच्या मनात आलं, तर तो चुंबक किती जोरकस असेल?

मूर्तीचा हिशेब अवघड म्हणून आपण गोळा घेऊ. १०५ फूट म्हणजे ३२ मीटर व्यास. माल मात्र अव्वल घ्यायचा: निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा मिश्रधातू, ज्याचे चुंबक आज मोबाइलच्या स्पीकरपासून विजेवरच्या गाड्यांच्या मोटारीपर्यंत सगळीकडे बसलेले असतात. गोळ्याचं वजन भरेल सुमारे १ लाख २९ हजार टन. त्याच्या ध्रुवावर हात टेकवला तर तिथलं चुंबकीय क्षेत्र असेल ०.८४ टेस्ला.

आता त्याच धातूची तुरीच्या दाण्याएवढी, पाच मिलिमीटर व्यासाची गोळी घ्या. वजन अर्धा ग्रॅम. तिच्या ध्रुवावरचं क्षेत्र? ०.८४ टेस्ला. तेवढंच. एका बाजूला अर्धा ग्रॅम, दुसऱ्या बाजूला सव्वा लाखाहून जास्त टन, आणि पृष्ठभागावर दोघांत काडीचाही फरक नाही.

मोठा चुंबक म्हणजे जोरदार चुंबक, ही आपली समजूत अशी पहिल्याच गणिताला कोसळते. मोठ्या गोळ्याचा प्रभाव लांबवर पोचतो एवढं खरं. आपल्या गोळ्याचे ध्रुव पूर्व–पश्चिम ठेवले, तर त्याच्या उत्तरेला साधारण ३५५ मीटरवर होकायंत्राची सुई उत्तर सोडून ४५ अंशांनी कलेल. पण त्यापुढे अंतर दुप्पट केलं की क्षेत्र आठपट घटतं, दहापट केलं की हजारपट. नांदुऱ्याच्या दक्षिणेला, सरळ रेषेत ९५ किलोमीटरच्या आतबाहेर लोणार आहे. तिथे या प्रचंड गोळ्याचं उरतं किती, तर एका नॅनोटेस्लाचे दोन-हजारांश. नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. नांदुऱ्यात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र सुमारे ४५ हजार नॅनोटेस्ला आहे, यावरून काय ते समजा.

आणखी एक गंमत आहे, आणि मारुतीच्या गावात ती सांगायलाच हवी. तुरीच्या दाण्याएवढी ती गोळी स्वतःसारख्या दुसऱ्या गोळीला ध्रुवाला ध्रुव लावून चिकटली, की पकड बसते सुमारे चारशे ग्रॅमची. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या आठशे पन्नास पट. द्रोणागिरी उचलणाऱ्याला शोभेल अशी ताकद. मग ३२ मीटरचा गोळा? त्याची पकड निघते सुमारे १७ हजार टन. त्याच्या जुळ्या भावाचं वजन १ लाख २९ हजार टन. त्याला उचलणं या गोळ्याच्या आवाक्याबाहेरचं. पकड गोळ्याच्या पृष्ठभागाच्या मापाने वाढते, वजन घनफळाच्या मापाने. दोन्ही बरोबरीला येतात त्रिज्या दोन मीटरच्या थोडी पुढे गेली की. त्याहून मोठा निओडिमियमचा गोळा आपल्या जोडीदाराला उचलू शकत नाही. कितीही पैसे ओता.

हे असं का होतं, याचं उत्तर १८२४ साली फ्रान्समध्ये सिमेओँ द्नी प्वासाँने दिलं. चुंबकाच्या पोटात असंख्य सूक्ष्म चुंबक आहेत आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून, सारख्याच दाटीने उभे आहेत असं धरा. एकाच्या उत्तर टोकाला पुढच्याचं दक्षिण टोक लागून असतं. दोघांचं काम एकमेकांत जिरून जातं. हे पोटातल्या प्रत्येक चुंबकाबाबत घडतं, मग तो गोळा असो, ठोकळा असो की डोंगर. ज्यांच्या पुढे कुणीच नाही असे उरतात फक्त पृष्ठभागावरचे. म्हणजे एकसारख्या चुंबकित वस्तूचं बाहेरचं क्षेत्र काढायचं तर आतल्या मालाकडे बघायचंच नाही. तिच्या कातडीवर उत्तर–दक्षिण ध्रुवांचा एक थर पसरलाय असं समजायचं आणि तेवढ्याचीच बेरीज मांडायची. पुढे शतकभर भौतिकीवाले आणि मग भूभौतिकीवाले याच बेरजा निरनिराळ्या आकारांसाठी करत बसले. खनिजं शोधणाऱ्यांना लागणारं आयताकृती ठोकळ्याचं नेटकं सूत्र १९६४ साली भट्टाचार्य या भारतीय भूभौतिकशास्त्रज्ञाने दिलं. तिरकं चुंबकन असलेला ठोकळाही त्यात बसतो.

गोळ्याची बेरीज सगळ्यांत देखणी निघते. दर घनमीटरला किती चुंबकत्व भरलंय, या मापाला चुंबकन म्हणतात आणि ते अँपिअर प्रतिमीटरमध्ये मोजतात. गोळ्याचं चुंबकन एक अँपिअर प्रतिमीटर असेल, तर त्याच्या ध्रुवावर साधारण ८४० नॅनोटेस्ला क्षेत्र मिळतं. चुंबकन दहा, तर ८,४००. निओडिमियमचं चुंबकन दहा लाखांच्या घरात, म्हणून ०.८४ टेस्ला. या नियमात त्रिज्येचा कुठे उल्लेखच नाही, हे परत एकदा वाचून घ्या. या लेखातली पुढची बरीच गणितं या ८४० च्या आकड्यावर उभी आहेत.

जर्मन गणितज्ञ गाउसने हा विचार थेट पृथ्वीला लावला. १८३९ साली छापलेल्या आपल्या प्रबंधात त्याने विचारलं, की पृथ्वीचं चुंबकत्व तिच्या पोटात सगळीकडे सारखं वाटलं तर दर घनमीटरला किती येईल? मापासाठी त्याने एक पौंड वजनाची पोलादी चुंबकपट्टी घेतली आणि उत्तर काढलं: अशा सुमारे आठ पट्ट्या. घनमीटरभर खडकात एक-एक पौंडाच्या फक्त आठ पट्ट्या. आजच्या मापात हे ७५ ते ८० अँपिअर प्रतिमीटर होतं. (पृथ्वीच्या पोटात खरोखर असा चुंबक नाही. तिथे वितळलेल्या लोहाच्या प्रवाहांतून क्षेत्र निर्माण होतं. गाउसचा आकडा हा फक्त समतुल्य हिशेब आहे.) ७५ ला ८४० ने गुणा. येतात ६३ हजार नॅनोटेस्ला, आणि पृथ्वीच्या ध्रुवप्रदेशात साधारण एवढंच क्षेत्र मोजलं जातं. आता बुंदीच्या लाडवाएवढा एक गोळा घ्या आणि त्याला ७५ अँपिअर प्रतिमीटर इतकंच दुबळं चुंबकन द्या. त्या लाडवाच्या ध्रुवावरही ६३ हजार नॅनोटेस्ला. पृथ्वीच्या ध्रुवावर आणि लाडवाच्या ध्रुवावर, अगदी चिकटून ठेवलेल्या सूक्ष्म सुईला, आपण कुठे आहोत हे क्षेत्राच्या जोरावरून सांगता यायचं नाही.

इथवरची वस्तू काल्पनिक होती. नांदुऱ्याखालचा चुंबक मात्र खरा आहे.

इथल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातली काळी माती आणि तिच्याखालचा गाळ खणत गेलं, तर शेवटी काळा कातळ लागतो. दख्खनचा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांहून थोडं आधी लाव्ह्याचे लोटच्या लोट इथे पसरले आणि एकावर एक थर साचत गेले. आज उघडा दिसणारा पसारा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे: पश्चिमेला मुंबईचा किनारा, पूर्वेला नागपूर, उत्तरेला माळवा, दक्षिणेला बेळगावचा परिसर. सह्याद्रीत जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे ती उतरत जाते. सरासरी एक किलोमीटर धरली तर घनफळ पाच लाख घन किलोमीटर. नकाशावर बोट ठेवून पाहा, नांदुरा या पसाऱ्याच्या जवळपास मध्यावर येतं.

लाव्हा बाहेर पडतो तेव्हा अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला असतो. त्यात लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात, मॅग्नेटाइटच्या कुळातले. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांखाली उतरलं की चुंबकित होऊ शकतं. थंड होता होता हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडतात आणि मग सोडत नाहीत. दिशा पकडतात म्हणजे सगळे कवायतीला उभे राहतात असं मात्र नव्हे. बेसाल्टमध्ये एक टक्का मॅग्नेटाइट आहे आणि ते सगळं एका दिशेला वळलंय असं धरलं, तर चुंबकन ४,८०० अँपिअर प्रतिमीटर भरायला हवं. प्रत्यक्षात दख्खनच्या खडकात ते अवघ्या काही अँपिअरचं असतं. तीन धरू. म्हणजे ४,८०० पैकी तीन, सोळाशेत एक. बाकी सगळं एकमेकांविरुद्ध उभं राहून कटून जातं. सोळाशेत एकाच्या या बहुमताने साडेसहा कोटी वर्षं एकच दिशा धरून ठेवलीय. आपल्याकडच्या आघाड्यांनी हेवा करावा.

ही दिशा वाचली गेली १९५०च्या दशकात. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधले क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या नमुन्यांवरचं काम १९५६ साली प्रसिद्ध केलं. लगेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे, राधाकृष्णमूर्ती आणि डॉइच यांनी ते पुढे नेलं. खडकातली चुंबकी दिशा आजच्या क्षेत्राशी जुळत नाही. बऱ्याच थरांत ती चक्क उलटी आहे, कारण त्या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. आणि तिचा जमिनीशी असलेला कल सांगतो, की हा लाव्हा थंड झाला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३० अंशांच्या आसपास होती. आज नांदुरा २१ अंश उत्तरेला आहे. मधलं अंतर पाच हजार किलोमीटरहून जास्त. भूखंड सरकतात ही गोष्ट तेव्हा निम्म्या भूशास्त्रज्ञांना भाकडकथा वाटत होती.

आता पाच लाख घन किलोमीटर खडक, दर घनमीटरला तीन. एकूण चुंबकत्व इतकं, की तेवढंच निओडिमियममध्ये भरायचं झालं तर दीड घन किलोमीटरचा तुकडा लागेल. १.१५ किलोमीटरच्या जवळपास लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच ठोकळा. एवढा ऐवज पायाखाली असताना नांदुऱ्यात होकायंत्र मुकाट उत्तर दाखवतं, हे कसं?

इथे आकार आडवा येतो. सोपं जावं म्हणून चुंबकन सरळ उभं आहे असं धरू आणि दख्खनला चारशे किलोमीटर त्रिज्येची, एक किलोमीटर जाडीची चकती मानू. प्वासाँच्या नियमाने पोटातलं सगळं कटलं. उरला वरचा पृष्ठभाग, त्यावर एका जातीचे ध्रुव, आणि खालचा, त्यावर दुसऱ्या जातीचे. अफाट पसरलेल्या पृष्ठभागाचा एक विलक्षण गुण असतो. त्यापासून लांब गेलं तरी क्षेत्र कमी होत नाही, कारण अंतराने प्रत्येक ठिपका जितका दुबळा होतो, तितकेच जास्त ठिपके तुमच्या समोरच्या टप्प्यात येतात. म्हणून वरचा पृष्ठभाग जेवढं क्षेत्र देतो, नेमकं तेवढंच, पण उलट्या दिशेचं, एक किलोमीटर खालचा पृष्ठभाग देतो. बेरीज शून्य. पसारा खरोखर अनंत असता तर अगदी चोख शून्य. चुंबकन आडवं धरलं तर वर-खाली ध्रुव बसतच नाहीत, तेव्हाही शून्य. तिरकं म्हणजे या दोघांची भेसळ, तेही शून्य.

आपली चकती अनंत नाही, तिला कडा आहे. त्या कडेमुळे मध्यावर जे काय निसटतं ते निघतं साधारण पाच नॅनोटेस्ला. पाच लाख घन किलोमीटर चुंबकित खडकाची नांदुऱ्यातली किंमत पाच नॅनोटेस्ला! उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत जे विद्युतप्रवाह वाहतात, त्यांनी अलिबागच्या वेधशाळेतलं क्षेत्र रोज सकाळ ते संध्याकाळ याच्या कितीतरी पट हलतं. ही वेधशाळा मूळची मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहांनी मोजणी बिघडेल म्हणून १९०४ साली ती अलिबागला हलवली. म्हणजे काही ट्रामगाड्यांना जे सहज जमलं असतं, ते अख्ख्या दख्खनला मध्यावर जमत नाही.

खऱ्या दख्खनचं क्षेत्र सगळीकडे पाच नॅनोटेस्ला नाही, हे सांगायला हवं. विमानातून मोजत गेलं तर कुठे शंभराची चढ, कुठे दोनशेचा उतार दिसतो. पण तो सगळा गोंधळ एकसारखेपणा जिथे मोडतो तिथला आहे: दऱ्या, घाटाचे कडे, उभ्या घुसलेल्या भिंती, आणि एक थर सुलट तर दुसरा उलट.

एकसारखेपणा मोडल्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण नांदुऱ्याच्याच जिल्ह्यात आहे. लोणारचं विवर १.८ किलोमीटर व्यासाचं. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं, की तिथल्या खडकात आघाताने काच झालेलं फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, सापडतं. ज्वालामुखीला ते जमत नाही, उल्काच लागते. ती आदळली तेव्हा कातळाचा एक मोठा घास उडाला आणि खाली जे राहिलं त्याचा चुरा झाला. चुऱ्यातला प्रत्येक तुकडा आपापली जुनी दिशा घेऊन वेडावाकडा पडला, म्हणजे त्यांची बेरीज जवळपास शून्य.

भोकाचं गणित करायची युक्ती मला फार आवडते. भोक असलेली चकती म्हणजे अखंड चकती अधिक भोकाच्या जागी ठेवलेली उलट्या चुंबकनाची छोटी चकती. अखंड चकतीचं उत्तर आपल्याला माहीत आहे, जवळपास शून्य. राहिली छोटी चकती. त्रिज्या ९०० मीटर, जाडी ३०० मीटर धरू, कारण उडालेला कातळ आणि चुरा दोन्ही हिशेबात घ्यायचे आहेत. तोंडाच्या पातळीवर, बरोबर मध्यावर, उत्तर येतं सहाशे नॅनोटेस्लाच्या आसपास. लोणारवर झालेल्या प्रत्यक्ष सर्वेक्षणांत दिसणारा फरकही शेकड्यांच्याच घरात आहे. छोट्या चकतीचं घनफळ एक घन किलोमीटरसुद्धा भरत नाही, पाऊणच आहे. पाच लाख घन किलोमीटर असलेल्या खडकाचे पाच, आणि पाऊण घन किलोमीटर नसलेल्या खडकाचे सहाशे.

ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ रंकॉर्न यांनी १९७५ साली चंद्राच्या बाबतीत याच्या पुढचं टोक गाठलं. चंद्राच्या पोटात कधीकाळी पृथ्वीसारखं क्षेत्र होतं, त्यात त्याचं कवच चुंबकित झालं, आणि मग आतलं क्षेत्र विझलं असं माना. इथे चुंबकन एकसारखंही नाही. जागोजागी त्याची दिशा आणि जोर बदलतो. तरीही कवच सगळीकडे सारख्या जाडीचं आणि सारख्या मालाचं असेल, तर बाहेर क्षेत्र शून्य, असं त्यांनी गणिताने सिद्ध केलं. अख्खा चंद्र चुंबकित असूनही दुरून कोरा दिसू शकतो. १९७२ साली अपोलो १६च्या अंतराळवीरांनी तिथे एका ठिकाणी तीनशेहून अधिक नॅनोटेस्ला मोजले, ते कवच सगळीकडे सारखं नाही म्हणून.

लोणारला आणखी एक मारुती आहे, नांदुऱ्याच्या अगदी उलट: उभा नाही, निजलेला. ही मूर्ती चुंबकीय दगडाची आहे आणि तिच्याजवळ होकायंत्र भरकटतं, असं लोणारला येणाऱ्याला आवर्जून सांगितलं जातं. श्रद्धेला हात न लावता या सांगण्याची परीक्षा आपण ८४० च्या आकड्याने करू शकतो. दगड साध्या दख्खनी बेसाल्टचा असेल तर चुंबकन तीन, म्हणून अगदी पृष्ठभागाला चिकटून सुमारे २,५०० नॅनोटेस्ला. मूर्ती गोल नाही, म्हणून थोडं इकडेतिकडे. पृथ्वीच्या क्षेत्राचा जो आडवा भाग सुईला उत्तरेकडे धरून ठेवतो, तो आपल्याकडे ३८ हजारांच्या पुढे आहे. म्हणजे सुई जास्तीत जास्त चार अंश वळेल. बारकाईने पाहणाऱ्यालाच कळावं इतकं, आणि मूर्ती नऊ फुटी असो की नव्वद फुटी, तेवढंच.

सुई डोळ्यांदेखत ४५ अंश फिरायची तर चुंबकन पंचेचाळीसच्या पुढे हवं. असा बेसाल्ट असतो का? असतो. वीज पडलेला. तीस हजार अँपिअरचा लोळ दगडात शिरला की एका मीटरवर साठ लाख नॅनोटेस्लाचं क्षेत्र क्षणभर उमटतं, आणि तो दगड एरवीच्या दहा-वीस पट चुंबकित होऊन बसतो. उघड्या माळावरच्या कातळांत असे तुकडे जगभर सापडतात. तेव्हा लोणारचं सांगणं अशक्य कोटीतलं मुळीच नाही, आणि त्यासाठी उल्केचा तुकडाही लागत नाही.

कुणाला पडताळून पाहायचं असेल तर साधं होकायंत्र न्यावं आणि मोबाइल दुसऱ्याकडे देऊन त्याला लांब उभं करावं. स्पीकरमधला तुरीच्या दाण्याएवढा चुंबक पाच सेंटिमीटरवर एक लाख नॅनोटेस्ला देतो, साध्या बेसाल्टच्या कोणत्याही मूर्तीच्या चाळीस पट.